बघ्याचा साधा वर्तमानकाळ

जगात फुकट बघणारे पुष्कळ. भांडण बघतात, अपघात बघतात, शेजारच्या घरात नवीन कपाट चढत असलं तर जिन्यात उभे राहून तेही बघतात, वर 'जरा तिरकं घ्या' म्हणून सल्ला देतात. आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात मात्र एक माणूस पगार घेऊन बघत असे. त्याला सगळे बघ्या म्हणत. पगारपत्रकावर त्याचं काही वेगळं नाव असणार, पण ते पगारपत्रकालाच ठाऊक.

काम असं होतं. भट्टीतून निघालेल्या बाटल्या गार होऊन पट्ट्यावरून पुढे सरकायच्या. एका ठिकाणी पट्ट्यामागे पांढरा दिव्याचा पडदा होता. त्याच्यासमोर एक उंच खुर्ची, आणि खुर्चीवर बघ्या. दिवा आणि बघ्या यांच्यामधून बाटल्या शाळेतल्या मुलींसारख्या ओळीनं जायच्या. कुणाच्या तोंडाला तडा, कुणाच्या मानेत बुडबुडा, कुणाचा ओठ उडालेला, असं काही दिसलं की बघ्या दोन बोटांनी तिची मान धरायचा आणि शेजारच्या पेटीत टाकायचा. खळ्ळ. पुन्हा बघणं सुरू. इतकी वर्षं हे केल्यावर त्याची नजरच तशी झाली होती. तुमच्याशी बोलताना तो तुमच्या डोळ्यांत बघत नसे, तुमच्या कडेनं फिरवून बघे. आपल्यात कुठेतरी बुडबुडा आहे आणि हा आता आपली मान धरणार, असं वाटून माणूस आपोआप नीट उभा राही.

सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा सासूबाईंनी पाणी दिलं. यानं पेला उचलला, खिडकीकडे धरला, गोल फिरवला आणि खाली ठेवून दिला.

"याला तडा आहे," तो म्हणाला.

सासूबाई ते मरेपर्यंत विसरल्या नाहीत. सासरे मात्र खूश झाले. म्हणाले, "जावई चांगला आहे. पोरीत खोट काढली नाही, पेल्यात काढली."

बायको तोंडानं तिखट होती. "हे दिवसभर बाटल्या बघतात आणि घरी येऊन भिंत बघतात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "माझ्याकडे बघायचं तर मी बाटली व्हायला हवं." पण डबा वेळेवर देई, आणि त्याच्या डोळ्यांना लावायचं औषध स्वतः घाली, कारण याला स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकता येत नसे. टाकताना तो थेंबाकडेच बघत बसे.

पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरी खुर्ची होती. बघ्या बाटलीचं तोंड बघे आणि पलीकडचा बूड बघे. ही खुर्ची रिकामी झाली तेव्हा बघ्याच्या मेहुणीचा नवरा कामाच्या शोधात होता. शोधात म्हणजे सासुरवाडीच्या ओट्यावर. बायकोनं घरी टुमणं लावलं, बघ्यानं फोरमनचे पाय धरले. "माझा साडू आहे साहेब, नजर चांगली आहे त्याची." यात तिळमात्र खोटं नव्हतं. साडूची नजर फारच चांगली होती. कुठे काय मोकळं पडलंय, कोण कुठे उठून गेलंय, कुणाच्या डब्यात आज काय आहे, सगळं त्याला दिसे. सोबत बाटल्यांची बुडंही दिसत.

दोघे समोरासमोर बसत. मधून बाटल्या जात. साडूचं तोंड सतत चालू. "काय साडूभाऊ, तोंड बघता की तोंड पाडून बसता?" बघ्या हसे. विनोद त्याला उशिरा कळे, पण कळला की भरपूर कळे, सात-आठ बाटल्या पुढे गेल्यावर खुर्चीत हलून हलून हसे. आम्हाला दोघांची गंमत वाटे. एक साधा, एक चालू.

मग कारखाना विकला गेला.

नवे साहेब आले. त्यांना आपली भाषा येत नव्हती, किंवा येत असली तरी ती ते घरी ठेवून येत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर कागद लावला: यापुढे कारखान्यात इंग्रजी लागेल, पाळी संपल्यावर उपाहारगृहात वर्ग भरेल, हजेरी सक्तीची आहे, आणि शेवटी तोंडी परीक्षा होईल. कागद इंग्रजीत असल्यामुळे पहिल्या दिवशी वर्गाला कुणीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमननं हाकून नेलं. उपाहारगृहाच्या टेबलांना ओल्या फडक्याचा वास येत होता. पुढे फळा, आणि फळ्याशेजारी एक तरतरीत तरुण बाई. बाई फार चांगल्या होत्या. आमच्यातला कोणीही काहीही बोलला तरी त्या 'व्हेरी गुड' म्हणत. भट्टीवरचा एक जण शिंकला, त्यालाही म्हणाल्या. इतकं व्हेरी गुड आम्हाला उभ्या आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. बघ्या तर पहिल्याच दिवशी विरघळला. तो पुढच्या टेबलाशी बसे आणि बाईंचं प्रत्येक वाक्य जणू दिव्यासमोर धरून बघे.

"आज आपण दोन काळ शिकणार," बाई म्हणाल्या. "एक साधा वर्तमानकाळ, एक चालू वर्तमानकाळ."

मागून कोणीतरी म्हणालं, "ते दोघे इथेच बसलेत बाई. तो तोंड बघतो तो साधा आणि तो बूड बघतो तो चालू."

सगळं उपाहारगृह हशानं फुटलं. बाईंना काही कळलं नाही, त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड." साडूनं उठून दोन्ही बाजूंना नमस्कार केला. बघ्या पाच मिनिटांनी हसला.

बाईंनी समजावून सांगितलं. जे आपण रोज करतो, नेहमी करतो, ज्यावर आपली ओळख ठरते, ते साध्या काळात. आय वर्क. आय ईट. जे आत्ता, या क्षणी, डोळ्यांदेखत चाललंय ते चालू काळात, तिथे शेपटाला इंग लावायचं. आय ॲम वर्किंग. आय ॲम ईटिंग. वाक्यात 'एव्हरी डे' आलं की साधा. 'नाऊ' आलं की चालू.

इंग आम्हाला फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून सगळा कारखाना इंग बोलू लागला. "काय रे, चहा पीइंग का?" "नाही, मी जरा पाठ खाजविंग." फोरमन तंबाखू मळत असला की लोक म्हणत, "ही इज मळिंग." बघ्यानं मात्र इंग मनावर घेतलं. जे दिसेल त्याला तो लावू लागला. घरी बायको भांडी घासत होती तर हा दारात उभा राहून म्हणाला, "यू आर घासिंग." बायको म्हणाली, "आणि तुम्ही?" बघ्यानं विचार करून सांगितलं, "आय ॲम सीइंग."

हे त्यानं बाईंना मोठ्या हौसेनं ऐकवलं. पहिल्यांदाच बाई व्हेरी गुड म्हणाल्या नाहीत.

"काका, 'सी'ला इंग लागत नाही."

"का?"

"काही क्रियापदं चालू होतच नाहीत. सी, नो, वॉन्ट, लव्ह. सी म्हणजे दिसणं. ते आपण करत नाही, ते होतं."

बघ्याचा चेहरा उतरला. "बाई, मी तेच करतो. तेवढंच करतो."

"मग तुम्ही लुक म्हणा. लुकिंग चालतं."

पण त्याचं मन बसलं नाही. परत जाताना वाटेत तो मला म्हणाला, "आयुष्यभर करतोय ते क्रियापदच चालू होत नाही म्हणे." मी त्याला म्हटलं की लव्हसुद्धा होत नाही, आणि लोकांचं चाललंय की. त्यावर तो घराच्या दारात पोचल्यावर हसला.

आता त्या दिवसाचं सांगतो, ज्या दिवशी आम्हाला सगळं तोंडावर सांगितलं गेलं आणि आम्ही ते व्याकरण समजून हसण्यावारी नेलं. बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि वाचून दाखवलं: न्यू मशीन्स आर कमिंग. नवी यंत्रं येताहेत.

बघ्या खिडकीशी बसला होता. त्यानं मान वळवून बाहेर बघितलं. अंगण रिकामं. फाटक बंद. पहारेकरी स्टुलावर पेंगत होता. बघ्यानं हात वर केला.

"बाई, वाक्य चुकलं."

"काय चुकलं काका?"

"इंग आहे म्हणजे आत्ता पाहिजे. मी बघितलं. कोणी येत नाहीये."

वर्ग खूश झाला. बाईंची चूक काढली! तीही साध्यानं! कोणीतरी टेबल बडवलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की जे ठरून गेलंय, ज्याची तयारी झालीय, त्यालाही चालू काळ चालतो, मग ते आज येवो की पुढच्या महिन्यात. "आपणही म्हणतो ना, 'पाहुणे येताहेत'. पाहुणे अजून स्वतःच्या घरी असतात." बघ्यानं मान डोलावली, पण पुन्हा एकदा फाटकाकडे बघून घेतलं. त्याला वाटलं, बाई पडती बाजू सावरताहेत. हे वाक्य बाईंना वरून दिलेलं होतं की त्यांनी सहज लिहिलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या महिन्यात यंत्रं आली.

पट्ट्यावर पांढऱ्या पडद्याऐवजी एक पेटी बसली. तिच्यात कॅमेरे. बाटली आत शिरे, पेटी तिला सगळीकडून बघे, खराब असली तर फुंकर मारून बाजूला उडवी. मान धरणं नाही, काही नाही. शेजारी एक छोटा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं उमटत. फोरमननं सांगितलं की पेटीजवळ एक माणूस लागेल. एकच. त्यानं अक्षरं वाचायची, बटण दाबायचं, अडलं तर यंत्रवाल्यांना फोन करून इंग्रजीत सांगायचं. तोंड आणि बूड या दोन्ही खुर्च्या जाणार आणि एक खुर्ची राहणार. कोणाची, ते साहेब तोंडी परीक्षेत ठरवतील.

त्या संध्याकाळी बघ्याच्या बायकोनं बहिणीकडे जाणं टाळलं आणि बहिणीनं हिच्याकडे येणं टाळलं. एका गल्लीत घरं, एका नळावर पाणी, पण दोघी वेगवेगळ्या वेळी पाणी भरू लागल्या. बघ्याला यातलं काही दिसलं नाही. तो बाटलीतला बुडबुडा हातभरावरून ओळखे, पण घरातला तडा दिसायला मागे दिवा लागतो.

त्याला फक्त खुर्ची दिसत होती. "दुसरं मला काय येतं?" तो मला म्हणाला. "या वयात कोण मला बघायला बसवणार?" मग तो परीक्षेच्या तयारीला लागला. पण व्याकरणाचा एक प्रश्न असा होता, की तो काही केल्या सुटेना. आणि तो विचारायला त्याला सगळ्या जगात एकच माणूस सापडला. त्याचा साडू.

परीक्षेच्या आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत हे झालं. मी शेजारच्या बाकावर होतो.

"साडू, साहेब पहिला प्रश्न काय विचारतील रे?"

"अहो ठरलेला आहे. 'व्हॉट डू यू डू?'"

"हां. तेच म्हणतो. याच्यात ना नाऊ आहे, ना एव्हरी डे. मग उत्तर साध्यात द्यायचं की चालूत?"

साडूनं कप खाली ठेवला. क्षणभर त्यानं बघ्याकडे बघितलं, बाटलीच्या बुडाकडे बघतात तसं.

"किती डू आहेत त्यात?"

बघ्यानं बोटांवर मोजलं. "दोन. डू यू डू."

"मग? आपल्यात शब्द दोनदा कधी येतो? जाता जाता, खाता खाता, बोलता बोलता. काम चालू असलं की येतो ना? जाता जाता म्हणजे जाणं चालूच आहे."

"आहे."

"मग डू यू डू म्हणजे काय? करता करता! म्हणजे आत्ता या क्षणी काय करताय, ते विचारतात. तिथे बसला असाल तर बसलोय म्हणायचं. इंग लावून."

बघ्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला. असं कोणी समजावलंच नव्हतं. बाईंनीसुद्धा नाही. "अरे, तू मास्तर व्हायला हवा होतास," तो म्हणाला, आणि साडूच्या चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. मला तो नियम जरा लंगडा वाटला होता, पण ऐकायला इतका गोड होता की त्या दिवसापुरता माझाही त्याच्यावर विश्वास बसला.

परीक्षा साहेबांच्या खोलीत होती. आत साहेब, त्यांचे दोन मदतनीस, आणि कोपऱ्यात गुण द्यायला बाई. आम्ही बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं, कारण खोलीतला पंखा बंद पडला होता. आधी साडू गेला.

"व्हॉट डू यू डू?"

"आय चेक बॉटल्स, सर. एव्हरी डे आय चेक बॉटल्स."

खाड्कन. साधा वर्तमानकाळ, बिनतड्याचा. माझ्या शेजारी बघ्या चुळबुळला.

"चुकला बिचारा," तो माझ्या कानात म्हणाला. "घाबरला असेल. मला सांगितलं आणि स्वतः विसरला." त्याला खरोखर वाईट वाटलं. साडू बाहेर आला तेव्हा यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं," म्हणाला. साडू भिंतीकडे बघत निघून गेला.

मग बघ्या आत गेला. बायकोनं इस्त्री करून दिलेला सदरा, केसांना पाणी. खुर्चीवर बसला आणि आधी साहेबांच्या टेबलावरच्या काचेच्या पेल्याकडे बघितलं. तेवढं त्याच्या हातात नव्हतं.

"सो, व्हॉट डू यू डू?"

दोन डू! मला बाहेरूनसुद्धा त्याचा आनंद ऐकू आला.

"आय ॲम सिटिंग, सर."

"सिटिंग?"

"येस सर. ऑन द चेअर."

मदतनीस एकमेकांकडे बघू लागले. साहेब पुढे वाकले. "अँड व्हॉट एल्स?"

बघ्यानं स्वतःला नीट तपासलं. दुसरं तो या क्षणी काय करत होता? साहेबांकडे बघत होता, पण ते सांगणं उद्धट झालं असतं. तो प्रामाणिक माणूस होता.

"नथिंग, सर. सिटिंग ओन्ली."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "एव्हरी डे?"

इथे बघ्या अडकला. एव्हरी डे म्हणजे साधा, हे बाईंचं. दोन डू म्हणजे चालू, हे साडूचं. एका बाजूला व्याकरण, एका बाजूला नातं. तो नात्याला जागला.

"येस सर. एव्हरी डे आय ॲम सिटिंग."

कोपऱ्यात बाईंनी डोळे मिटून घेतले. नंतर त्यांनी मला सांगितलं की एव्हरी डेपुढचं इंग त्यांना ऐकवेना. इतक्यांदा सांगितलं होतं! त्यांनी तेवढा एक गुण कापला. तो माणूस साहेबांना काय सांगून बसलाय, इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शिक्षकांचं असंच असतं, घर जळत असलं तरी 'जळिंग' बरोबर म्हटलं की नाही ते आधी बघतात.

"थँक यू," साहेब म्हणाले. "दॅट्स ऑल."

बघ्या उठला. खुर्ची होती तशी ठेवली. दारापर्यंत गेला. मोठ्या माणसाचा निरोप घेताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे त्याच्या आईनं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. तेच त्यानं मनातल्या मनात जुळवलं, शेपटाला इंग लावलं, आणि वळून अदबीनं म्हणाला,

"आय ॲम कमिंग, सर."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. त्याचा एक पाय बाहेर पडलेला होता.

"नो," साहेब म्हणाले. "यू आर गोइंग."

आतले सगळे हसले. मदतनीस तर टेबलावर डोकं टेकून हसले. बघ्यालाही हसू आलं, लगेच आलं, एकही बाटली पुढे न जाता. साहेबांनी स्वतः त्याची चूक सुधारली याचा त्याला अभिमान वाटला. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "माणूस चांगला आहे. हसूनखेळून बोलतो."

निरोप पुढच्या आठवड्यात झाला. साहेबांची विनोदबुद्धी दांडगी होती. त्यांनी बघ्याला भेट म्हणून त्याचीच खुर्ची दिली. उंच, पाठ झिजलेली, एका पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. सोबत दोन वाक्यं बोलले, त्यात 'सिटिंग' दोनदा आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बघ्यानं खुर्ची स्वतः उचलली, आणि डोक्यावर उलटी घेऊन गल्लीतून घरी आला. चार पाय वर. मागून बघणाऱ्याला वाटे, कोणी मोठं जनावर चाललंय, शिंगं फुटलेलं.

आता इथे गोष्ट अशी वळली असती तर बरं वाटलं असतं, की पेटी चुकली, तडे गेलेल्या बाटल्या बाजारात गेल्या, आणि साहेब स्वतः बघ्याच्या दारी आले. तसं काही झालं नाही. पेटी उत्तम चालली. बघ्याच्या नजरेतून सुटत असे तेही ती पकडू लागली. थकत नाही, पाणी मागत नाही, विनोदावर उशिरा हसत नाही. साडू तिच्याशेजारी बसून बटण दाबतो. इंग्रजी त्याला अजून येत नाही. बटणावर चित्र आहे.

साडूनं ही हकीकत लपवूनही ठेवली नाही. बहिणीबहिणींमधला राग जरा निवळल्यावर दोन्ही घरं एकदा जेवायला बसली, तेव्हा यानंच ती साग्रसंगीत सांगितली. दोन डू, जाता जाता, खाता खाता, सगळं. "मला तिथल्या तिथे सुचलं हो!" म्हणाला. "चहा पिता पिता!" साहेबांचा आवाज, बघ्याचा आवाज, दोन्ही काढले. मेहुणी हसून हसून खोकू लागली. मलाही जेवायला बोलावलं होतं, मी समोर होतो, आणि खोटं कशाला सांगू, सांगत तो फार छान होता.

बघ्या मन लावून ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं दुरुस्तीही केली. "नाही नाही, आधी मी 'ऑन द चेअर' म्हणालो, मग नथिंग."

गोष्ट संपली. सगळे त्याच्याकडे बघू लागले. आता हा काय म्हणतो?

"म्हणजे दोन डू म्हणजे चालू नव्हे?" बघ्यानं विचारलं.

"नव्हे हो साडूभाऊ!"

"मग तो पहिला डू असतो कशाला?"

"कोणाला ठाऊक! मला तरी कुठे इंग्रजी येतं!"

पुन्हा सगळे हसले. बघ्याही हसला. त्याची बायको हसली नाही. तिनं बहिणीच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला आणि नवऱ्याचा पेला भरला. बघ्यानं तो सवयीनं दिव्याकडे धरला, फिरवला, आणि न पिता बाजूला सरकवला. तडा होता. त्याच्या समोर बसलेल्या माणसाला त्यानं कधी असं धरून बघितलं नाही. घरी परत येताना बायको त्याला म्हणाली, "तुम्हाला राग कसा येत नाही हो?" तो म्हणाला, "येतोय." बायको थांबली. बराच वेळ वाट बघून ती पुढे चालू लागली.

ती खुर्ची आता खिडकीशी असते. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दुपारी उन्हानं पांढरी होणारी भिंत. बघ्या सकाळी तिच्यावर चढून बसतो. भिंतीसमोरून माणसं ओळीनं जातात, आणि हा बघतो. कधीकधी त्याची दोन बोटं उचलली जातात, एखाद्याच्या मानेच्या उंचीपर्यंत. मग ती पुन्हा मांडीवर. "खुर्ची गेली असती तर परवडलं असतं," बायको म्हणते. "खुर्ची घेऊन आले, हेच नशीब."

परवा भाजी आणायला आम्ही दोघे बाजारात गेलो होतो, तिथे बाई भेटल्या. आता त्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात शिकवतात. बघ्याला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. पुढच्या टेबलाचा विद्यार्थी! पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या,

"काका! इंग्रजी विसरला नाहीत ना? सांगा बघू, व्हॉट डू यू डू?"

बघ्या गंभीर झाला. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. त्यानं एक डू मोजला, दुसरा मोजला, आणि दोन्ही सोडून दिले. भाजीवाली वजन करता करता थांबली. त्यानं स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, रोज, नेहमी, ज्यावर माणसाची ओळख ठरते ते सगळं. आणि हळू, स्वच्छ आवाजात म्हणाला,

"आय सिट."

बाई वाट बघत राहिल्या.

"एव्हरी डे आय सिट."

"व्हेरी गुड!" बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की आजूबाजूचे वळून बघू लागले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चक्क टाळ्या वाजवल्या. "इंग नाही! बघा, आलं की नाही? अगदी बरोबर आलं!"

बघ्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला. घरी पोचल्यावर दारातूनच त्यानं बायकोला सांगितलं, "बाई व्हेरी गुड म्हणाल्या."

"कशाबद्दल?" तिनं आतून विचारलं.

पण तोवर तो खुर्चीवर चढून बसला होता.